फुकटची दुरुस्ती

माझा नवरा रागीट आहे हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. तो नेमका कशावर रागावतो हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली. कुणी त्याला टाकून बोललं तर तो ऐकून घेतो. जेवण बिघडलं तरी गपचूप खातो, आणि माझ्या हातचं बिघडतं हे मी कबूल करते, कारण शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षं चारशे पोरांचं रांधल्यावर दोन माणसांचा अंदाज राहत नाही. पण कुणी धडधाकट भट्टी मोडीत काढली असं कानावर आलं, की आर्वो निस्काला नावाच्या या माणसाचे कान लाल होतात आणि घरातलं मांजर उठून दुसऱ्या खोलीत जातं.

इव्हलेथ या आमच्या खाणींच्या गावात अडतीस वर्षं त्याने लोकांच्या तळघरांत उतरून भट्ट्या दुरुस्त केल्या. गॅसची भट्टी खाली जळते आणि वर घरभर गरम हवा फेकते. जानेवारीत पारा उणे पंचविसाखाली गेला आणि ती बंद पडली, की दुसऱ्या दिवशी भिंतीतले नळ फुटतात आणि तिसऱ्या दिवशी माणूस कसल्याही कागदावर सही करायला तयार होतो. आर्वोचा सगळा राग या तिसऱ्या दिवसावर आहे.

तो ज्या दुकानात कामाला होता ते म्हाताऱ्या स्टेनर्सनचं होतं. स्टेनर्सनने ते मिनियापोलिसच्या एका कंपनीला विकलं. कंपनीने दुकानावरचं नाव तेच ठेवलं, गाड्यांचा रंगही तोच ठेवला, म्हणजे लोकांना वाटावं की येणारा माणूस आपलाच आहे. मग एक मॅनेजर आला. त्याने या पन्नाशी-साठीच्या कारागिरांना बाकांवर बसवून धडे दिले. दुरुस्ती हा शब्द काढायचा नाही. बूट दारात काढायचे. तळघरात उभ्याने बोलायचं नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं. कॉफी विचारली तर हो म्हणायचं. एकूण किंमत सांगायची नाही, महिन्याचा हप्ता सांगायचा. आमच्याकडे टेबलाशी बसून कॉफी प्यायलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही, हे त्या मॅनेजरला आमच्यापेक्षा चांगलं कळलं होतं.

आर्वोचं सरासरी बिल एकशे चाळीस डॉलर निघायचं. शेजारच्या बाकावरच्या पोराचं तेवीसशे. मॅनेजरने आर्वोला बोलावून सांगितलं की जुन्या भट्ट्या जगवणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळणं आहे. आर्वोने गाडीच्या किल्ल्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. गाडी कंपनीची, त्यामुळे तीन मैल बर्फातून चालत घरी आला. मिशीवर बर्फ साचलेलं तसंच ठेवून तो मला म्हणाला, यापुढे भट्टीच्या कामाचा एक सेंट घेणार नाही, घेतला तर मी त्यांच्यातलाच.

तेव्हापासून नऊ वर्षं त्याने फुकट कामं केली. मला त्याचा अभिमान होता. चर्चमध्ये बायका म्हणायच्या, तुझा आर्वो म्हणजे देवमाणूस, आणि मी खोटा नम्रपणा दाखवत प्लेटा गोळा करायचे. आता ते आठवलं की लाज वाटते.

फुकट सल्लेही द्यायचा. किराणा दुकानाच्या रांगेत कुणी म्हणालं की भट्टीचे सहा हजार सांगितले, की हा हातातली अंडी खाली ठेवून सुरू. "पेटते आणि लगेच विझते? मग ज्योत ओळखणारी कांडी काजळलीय. घासणीने पूस, पाच मिनिटांचं काम आहे. माणूस बोलावलास तर शंभर-दीडशे, त्याच्यावर एक डॉलर देऊ नकोस. पंखा फिरत नाही? मोटर गेली असेल. मजुरी धरून सहाशे, फार तर आठशे. आतली पेटी फुटली म्हणतात? फुटली असेल तर मी वाद घालणार नाही. विषारी वायू घरात येतो, माणसं झोपेत मरतात, भट्टी बदलायलाच हवी. पण ती चीर तुझ्या भट्टीत तुझ्या डोळ्यांनी बघ. त्याच्या फोनमध्ये बघू नकोस. आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवल्याशिवाय सही करू नकोस." मागची रांग खोळंबायची. कुणी काही बोलायचं नाही, आमच्याकडे बोलत नाहीत. फक्त जागच्या जागी पाय बदलायचे.

आता लेंपीची गोष्ट सांगते. लेंपी हौताला आमची शेजारीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. नवरा ओन्नी खाणीत होता, सहा वर्षांपूर्वी गेला. तिचं दार आमच्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. मी मोजलीत, कारण त्या आठवड्यानंतर मला ती मोजावीशी वाटली.

सोमवारी आम्ही आर्वोच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला डुलुथला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो ते त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधून. रात्री बर्फ पडलं, मग इतकी थंडी पडली की मंगळवारी आणि बुधवारी कुणी नाकसुद्धा बाहेर काढलं नाही. गुरुवारी दुपारी, डॉक्टरांनी वाकू नको, जोर लावू नको असं बजावलेलं असताना, हा एका डोळ्याने बर्फ उडवायचं यंत्र घेऊन बाहेर पडला. मी दारातून आरडाओरडा केला. यंत्राच्या आवाजात त्याला तो ऐकू आला नाही, किंवा आला.

आमचा रस्ता झाल्यावर तो नेहमीप्रमाणे लेंपीच्या दारापुढचं बर्फ काढायला लागला. एकाएकी यंत्रातून प्लास्टिकचे लाल-निळे तुकडे उडाले. बर्फाखाली एक पाटी गाडलेली होती. आर्वोने उरलेला अर्धा तुकडा उपसून काढला. त्यावर त्याच्या जुन्या दुकानाचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, या घरी आणखी एक समाधानी कुटुंब. पट्टीखालचा डोळा मला दिसत नव्हता, पण कान दिसत होते. मी चपला घालाव्यात तसे बूट अडकवले आणि कोट न घालताच त्याच्या मागे धावले.

लेंपी स्वयंपाकघरात ओन्नीचा खाणीतला कोट आणि लोकरीची टोपी घालून बसली होती. पायाशी विजेचा छोटा हीटर. बोलताना तोंडातून वाफ येत होती. तिने आधी कॉफी विचारली.

आर्वो म्हणाला, "भट्टीला काय झालं?"

"काही नाही. उद्या नवी बसणार आहे," लेंपी म्हणाली, जणू पडदे बदलायचे आहेत.

मग एकेक बाहेर आलं. सोमवारी कोल्बी नावाचा एक छान मुलगा आला होता. त्याने सांगितलं की आतली पेटी फुटली आहे, तुम्ही जिवंत आहात हेच नशीब. फोटोही दाखवला. गॅस बंद करून भट्टीला, वापरू नका अशी, लाल चिठ्ठी लावली आणि दोन हीटर फुकट देऊन गेला. नव्या भट्टीचे तेरा हजार नऊशे. रोख नको, महिन्याला फक्त एकशे एकसष्ट, दहा वर्षं. मी मनातल्या मनात गुणाकार केला. एकोणीस हजारांच्या वर जात होते. तिने पुढे केलेल्या करारपत्राच्या खाली बारीक अक्षरात होतं की फिटेपर्यंत बोजा घरावर. ओन्नी आणि लेंपीने बावीस वर्षं हप्ते भरून सोडवलेलं घर ते. महिन्याचा खर्च भागवून तुझ्या हातात किती उरतात, असं मी तिला विचारलं. आमच्याकडे असं कुणी कुणाला विचारत नाही, पण मी विचारलं. दोनशे, ती म्हणाली. म्हणजे औषध वाढलं तर एक महिना चुकेल, तीन महिने चुकले तर घर त्यांचं.

आर्वो तळघरात उतरला. पंधरा मिनिटांनी वर आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर काजळी होती. त्याने करारपत्राला जोडलेला फोटो लेंपीपुढे ठेवला. "यात पेटीचे खण किती आहेत? मोज."

लेंपीने चष्मा लावून दोनदा मोजले. "पाच."

"तुझ्या भट्टीत चार आहेत. खाली येऊन मोज. हा फोटो तुझ्या घरातला नाहीच. तुझी पेटी ठणठणीत आहे, लेंपी. कांडी काजळलीय, बस."

लेंपीने फोटो पालथा घातला. "त्याने बूट काढले होते," ती म्हणाली. "असा वाटला नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पोराला कुणी तरी बूट काढायला शिकवलं होतं. आमच्या आयांनी आम्हाला शिकवलेला चांगुलपणा त्याला पगारावर शिकवला होता, म्हाताऱ्या बायकांची घरं गहाण टाकून घ्यायला. त्या हिवाळ्यात आमच्या एका गावात अशी तीसेक घरं झाली, हे पुढे कळलं. कुणीही बोललं नव्हतं. फसलो हे सांगायची लाज, आणि तो मुलगा इतका सभ्य होता.

आर्वोला एक गोष्ट पक्की माहीत होती. घरी येऊन विकलेल्या मालाची सही तीन कामाच्या दिवसांत मोडता येते, आणि तसा कागद करारपत्राच्या मागेच जोडलेला असतो. सही सोमवारची. आज गुरुवार. तो कागद आज टपालात पडून त्यावर आजचा शिक्का बसायला हवा. पोस्ट साडेचारला बंद होतं. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. उद्या सकाळी आठला ते जुनी भट्टी उचलून नेणार होते, आणि मग भांडायला हातात काहीच उरलं नसतं.

त्याने तो कागद शोधून तिच्यापुढे ठेवला, पेनही ठेवलं. लेंपीने पेनाला हात लावला नाही. "मी सही केलीय," ती म्हणाली. "शब्द दिलाय."

आता आर्वो ओरडायला लागला. चोराला दिलेला शब्द कसला, असं म्हणाला. ओन्नी असता तर काय म्हणाला असता, असंही म्हणाला, जे त्याने म्हणायला नको होतं. लेंपीचं तोंड मिटलं. आमच्या बायकांचं तोंड एकदा असं मिटलं की ते उघडायला वसंत यावा लागतो. सव्वातीन झाले. मला दोघांनाही हलवून हलवून जागं करावंसं वाटत होतं.

मग आर्वो थकून खुर्चीत बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भट्टी कधी बंद पडली?"

"शनिवारी."

"शनिवारी. शनिवार, रविवार मी घरीच होतो. तू इथे दोन दिवस गारठत बसलीस. मला हाक का नाही मारलीस?"

"तुमची गाडी सोमवारी सकाळी गेली, मग मी त्यांना फोन केला," लेंपी म्हणाली. "तुम्ही असताना त्यांची गाडी दारात उभी राहिली असती तर तू आला असतास."

आर्वोला ते समजलं नाही. मलाही नाही. म्हणजे तिने आम्ही जायची वाट पाहिली होती.

"तू पैसे घेत नाहीस, आर्वो," ती म्हणाली. "बर्फ काढतोस, त्याच्या बदल्यात मी पाव भाजून देते. तिथे आपली फिट्टंफाट होते. दोन वर्षांपूर्वी तू भट्टीच्या पंख्याची मोटर बसवलीस, त्याची फिट्टंफाट मी कशाने करू? किती पाव भाजू?"

"ती मोटर माझ्याकडे पडून होती."

"पडून नव्हती. तिचा नवा खोका तुमच्या कचऱ्यात होता. मी दुकानात फोन करून किंमत विचारली. तीनशे पासष्ट." तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. केस विस्कटले होते. "दोन वर्षं मी तुझ्या डोळ्याला डोळा भिडवू शकलेले नाही. शेजाऱ्याच्या दयेवर राहण्यापेक्षा चोराला पैसे दिलेले बरे. चोर निदान रोज सकाळी कुंपणावरून हात करत नाही."

आर्वोच्या कानांवरची लाली गेली. तो पांढराफटक पडला. अडतीस वर्षांत त्याला कुठल्या मॅनेजरने असं मारलं नव्हतं.

मला दोघांचाही संताप आला होता. लेंपीचा आला, कारण तिच्या ताठ्यापायी तिचं घर जाणार होतं. आर्वोचा त्याहून जास्त आला. साडेतीन होत आले होते. मी ड्रॉवरमधून कागद काढला आणि त्याच्यापुढे आपटला.

"बिल लिही."

"सायमी, मी नाही घेणार..."

"नऊ वर्षं तू त्या मॅनेजरला उत्तर देतोयस," मी म्हणाले. "तो कधीच दुसऱ्या गावाला गेला. थंडीत ही बसली. मोटरचं लिही, तेव्हाच्या मजुरीचं लिही, आजचं लिही. लिही म्हणते ना."

त्याने एका डोळ्याने, वाकड्या अक्षरात लिहिलं. मोटर तीनशे दहा. मजुरी दोन तास, एकशे वीस. आज पंचाहत्तर. लेंपीने कागद आपल्याकडे ओढला आणि तीनशे दहावर काट मारून तीनशे पासष्ट लिहिलं. मग बोटांवर बेरीज केली, पाचशे साठ, आणि चेकबुक आणायला आतल्या खोलीत गेली. तिने नाव, आकडा, अक्षरी आकडा सगळं सावकाश लिहिलं. मी घड्याळाकडे बघत ओठ चावत होते. चेक फाडून तिने आर्वोपुढे धरला. त्याने हात पुढे केला नाही. ती तो धरून राहिली. शेवटी आर्वोने चेक घेतला, दुमडला आणि शर्टाच्या खिशात घातला.

तेव्हा लेंपीने पेन उचललं आणि रद्द करायच्या कागदावर सही केली.

मी गाडी कशी चालवली ते विचारू नका. पोस्टात माझ्यापुढे दोन माणसं होती आणि खिडकीतली बाई एकाशी माशांबद्दल बोलत होती. मी जन्मात पहिल्यांदा रांग मोडली. कुणी काही म्हणालं नाही, फक्त पाय बदलले. चार वाजून सतरा मिनिटांनी रजिस्टरचा शिक्का बसला. तारीख नीट उमटली आहे का ते मी उजेडाकडे धरून पाहिलं. पोचपावती हातमोज्यात घालून परत निघाले. गाडीत मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं.

परत आले तेव्हा भट्टी चालू होती. आर्वोने लेंपीच्याच मोरीतली भांड्यांची घासणी नेऊन कांडी पुसली होती, सगळं जोडून पेटवलं होतं आणि ज्योत टिकते का ते बघत खाली बसून राहिला होता. जमिनीतल्या जाळीतून गरम हवा येत होती. ओन्नीचा कोट खुंटीवर गेला होता. पोचपावती लेंपीने दोनदा वाचली आणि बिलासोबत टाचणी लावून ठेवली. त्या पोराचे दोन्ही हीटर दाराशी नेऊन ठेवले होते, वायरी नीट गुंडाळून. त्याचं त्याला परत द्यायचं होतं. मी असते तर भंगारात घातले असते.

आम्ही निघालो तेव्हा लेंपी म्हणाली, "आर्वो, अजून एक काम आहे. पैसे घेणार असशील तरच सांगते."

"सांग."

"सौनाच्या चुलीचं धुराडं फुटलंय. धूर आत येतो. पेटवताच येत नाही."

"कधीपासून?"

"मोटर बसवलीस ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात."

आर्वोने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे अंगणातला सौना दर शनिवारी लाकडं घालून तापतो. त्या वाफेत बसून अंग धुतल्याशिवाय आठवडा संपत नाही. लेंपीचा तर जन्मच तिच्या आईच्या सौनात झालेला, तेव्हा बाळंतपणं तिथेच व्हायची. दोन वर्षं ती बाथरूममधल्या टबात अंग धूत होती, एका धुराड्यासाठी, जे बदलायला आर्वोला अर्धा दिवस लागला नसता. आणि तिच्या सौनाचं छप्पर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ दिसतं. शंभर शनिवार त्यातून धूर निघाला नव्हता, आणि शंभर शनिवार मी त्या खिडकीशी उभी राहून भांडी घासत होते. मला दुसऱ्या कुणावर रागावायला जागा राहिली नाही.

"दोनशे दहा," आर्वो म्हणाला. "सामान धरून."

लेंपीने जरा विचार केला. "चालेल," ती म्हणाली. "पण परवाच्या आत कर. परवा शनिवार आहे."